नळीतले बुडबुडे

प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा मी ऑफिसात टेबलाशी उभी राहून सोयादूध पीत होते. कागदावर दोनच ओळी होत्या. विहीर एकच, दिवस एकच, दोन्ही पाण्यांच्या वेळेत फरक चाळीस मिनिटांचा. जुन्या पंपाने काढलेलं पाणी: चार पूर्णांक एक. नव्या पंपाने काढलेलं पाणी: सतरा पूर्णांक दोन. पिण्याच्या पाण्याची मर्यादा पाच. मी कागद उलटा करून पाहिला. मागे ‘चुकून छापलं’ असं काही लिहिलेलं असेल अशी वेडगळ आशा मला वाटली असावी. मागची बाजू कोरी होती. तोंडातलं दूध गिळायचं राहून गेलं आणि ते इतकं कोमट, इतकं जाड लागायला लागलं की मी मोरीपर्यंत चालत जाऊन ते थुंकून टाकलं. मग परत येऊन पुन्हा वाचलं. आकडे तिथेच होते.

मी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या वेइला मी बारा वर्षं ओळखते, तोंडाने फटकळ पण कामाला पक्का. माझं नाव सु-चू, तो मला चू-चिए म्हणतो, म्हणजे चू-ताई. मी म्हटलं, “बाटल्यांची अदलाबदल झालीय तुझ्याकडे.” तो म्हणाला, “नव्या पंपाच्या तिन्ही बाटल्या वेगवेगळ्या तपासल्या, चू-चिए. तिन्ही सतराच्या आसपास.” मी म्हटलं, “मग माझ्या बाटलीत हवा राहिली असेल.” तो हसलाच. “हवा राहिली असती तर आकडा खाली आला असता, वर कसा जाईल? आणि तुझ्या बाटलीत हवा? बारा वर्षांत तुझ्या एका बाटलीत बुडबुडा सापडला नाही मला. नव्या पोरांना मी तुझ्या बाटल्या दाखवतो, माहितेय? बघा म्हणतो, असं भरायचं.” एरवी मी हे वाक्य दिवसभर मनात घोळवलं असतं. त्या सकाळी ते थोबाडीत बसल्यासारखं बसलं आणि मी फोन ठेवला.

बुडबुडा ही माझी ख्याती होती. तैचुंग शहराच्या उत्तरेला पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना कधीकाळी होता. पत्र्यावरचं तेल धुवायला तिथे एक औषध वापरायचे, ते वर्षानुवर्षं मागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. कारखाना बंद पडला, मालक परदेशी गेला, औषध जमिनीत राहिलं. त्याला रंग नाही आणि इतक्या थोड्या प्रमाणात वासही नाही, आणि त्याचा स्वभाव पळपुटा आहे. जरा फट मिळाली की ते पाण्यातून निघून हवेत जातं. म्हणून आम्ही विहिरीचं पाणी बोटाएवढ्या तपकिरी बाटलीत भरतो ते काठोकाठ, वर पाण्याची फुगीर टोपी उभी राहीपर्यंत. मग झाकण फिरवायचं, बाटली उलटी करायची, तळहातावर दोनदा ठोकायची आणि उजेडात धरायची. आत मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाटली फेकून द्यायची. बाकीचे लोक तिसऱ्या-चौथ्या बाटलीला कंटाळायचे, ‘एवढंसं चालतं’ म्हणायचे. मी कधी कंटाळले नाही. पावसात, उन्हात, ताप अंगात असताना मी बाटल्या उलट्या करून ठोकत बसलेय. लोक मला हसायचे आणि मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि इतकी वर्षं, माझ्या नाकासमोर, पंपाच्या पारदर्शक नळीतून बुडबुड्यांची माळ वर येत होती. मी खुर्चीवर बसले तेव्हा मला ती नळी जशीच्या तशी दिसली, ऑफिसातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्पष्ट. आमचा जुना पंप जमिनीवर बसतो. त्याची चाकं मऊ नळी पिळत राहतात, नळी खालचं पाणी ओढून घेते. पण वरून ओढून पाणी किती खोलवरून येणार? साधारण सात-आठ मीटर, मग पंप नुसताच धापा टाकतो. ही विहीर आहे त्या कारखान्याजवळच्या गल्लीत पाणी सात मीटरवर होतं, म्हणजे ओढण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे नळीतला दाब इतका पडतो की पाण्यातली हवा सुटते आणि हवेबरोबर ते पळपुटं औषधही सुटतं. बाटलीशी पोचतं ते पाणी अर्ध्या वाटेत आपला गुन्हा टाकून आलेलं असतं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. प्रशिक्षणात कुणीतरी फळ्यावर काढून दाखवलं होतं, दहातला एखादा भाग जातो, फार तर चारातला एक, असं काहीतरी. आमच्या नळीतून किती जात होतं ते कुणी मोजलंच नव्हतं, आणि शिवाय मी पंप जोरात चालवायचे, लवकर आटपावं म्हणून. नळी गच्च बुडबुड्यांनी पांढरी दिसायची. मी त्या पांढऱ्या नळीच्या तोंडाशी बाटली धरायचे आणि बाटलीत एकसुद्धा बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखायचे. आठवून मला हसू आलं, आणि ते इतकं विचित्र आलं की पलीकडच्या टेबलावरून को युन-तिंगने मान वर केली.

ही को म्हणजे मागच्या वर्षी आलेली इंजिनिअर, तिशीची, चष्मेवाली, बोलण्यात गोड आणि मतांना चिवट. कामाचा करार नव्याने व्हायचा होता आणि कुठल्या विहिरीला कुठला पंप, याचा तक्ता पुन्हा भरायचा होता. ती म्हणाली होती, “चू-चिए, रागवू नका, पण त्या गल्लीत पिशवीचा पंप हवा.” हा पंप खाली पाण्यातच सोडतात. त्याच्या पोटात रबरी पिशवी असते. वरून हवा सोडली की पिशवी दाबली जाते आणि पाणी हळूहळू ढकललं जातं. ओढाओढ नाही, पाण्याला हवा शिवत नाही. मी म्हटलं होतं, “तुझी पिशवी प्रत्येक विहिरीनंतर खोलून धुवायला लागते. चाळीस मिनिटं. तू येऊन धुणार का?” ती म्हणाली, “येईन की.” मला राग आला तो या ‘येईन की’चा. तिला एकदाचं गप्प करावं म्हणून मीच म्हटलं, चल, एकाच दिवशी एकाच विहिरीचं पाणी दोन्ही पंपांनी काढू आणि बघू. म्हणजे हा कागद मीच मागवला होता, भांडण जिंकायला.

को उठून आली आणि तिने कागद वाचला. मला वाटलं होतं डोळ्यांत कुठेतरी विजय दिसेल. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती हळूच म्हणाली, “मला वाटलं होतं सहा येईल. फार तर सात.” मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला. मला तिच्या दयेची भीती वाटली.

जुना पंप निवडला होता मीच. बारा वर्षांपूर्वीचा तो तक्ता अजून फायलीत होता, कपाट उघडून मी तो काढला. माझं अक्षर तेव्हा बरं होतं. ‘निवडीचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं होतं: पाणी नितळ येते, गाळ ढवळत नाही, नळी बदलली की पुरते, एका विहिरीचे दुसऱ्या विहिरीला लागत नाही. चारही कारणं खरी होती. पाचवं लिहिलेलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, नवरा काओश्युंगला नोकरीला होता आणि शाळा चारला सुटायची. पिशवीचा पंप धुवत बसले की सहा वाजायचे. एकदा ती पावसात शाळेच्या फाटकाशी एकटी उभी राहिलेली मला दिसली होती, दप्तर डोक्यावर धरून. त्यानंतरच्याच आठवड्यात मी तो तक्ता भरला. लिहिताना माझ्या मनात काही पाप होतं का? मी फाईल मांडीवर घेऊन खूप शोधलं. पाप सापडलं नाही. नुसती घाई सापडली, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. मला वाटत होतं की एवढ्या मोठ्या चुकीच्या मुळाशी निदान एखादी मोठी गोष्ट तरी असेल.

आमचे साहेब, त्साइ, वाईट माणूस नाहीत. त्यांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. “दोन्ही पंपांना नियमात परवानगी आहे,” ते म्हणाले. “तू काही चुकीचं केलेलं नाहीस.”

“साहेब, पाणी सतरा आहे.”

“एकदा सतरा आलंय. एकदा आलेला आकडा म्हणजे पाहुणा. तीन महिन्यांनी परत काढू. तेव्हाही आला तर घरचा म्हणू.”

“तीन महिने तिथले लोक काय पितील?”

“तिथे नळ आलाय ना नऊ वर्षांपूर्वी? विहिरीचं पाणी पितं कोण?”

पितं कोण ते मला माहीत होतं. मी स्कूटरची किल्ली घेतली तेव्हा ते मागून म्हणाले, “चू, बारा वर्षांच्या कागदांवर तुझी सही आहे. जाशील तिथे काय बोलशील त्याचा विचार कर.” ते धमकावत नव्हते. त्यांना माझी खरंच काळजी वाटत होती. पण जिना उतरताना मी मधल्या पायरीवरच बसले. खाली रस्त्यावर स्कूटरींचा तोच गोंगाट होता, कोपऱ्यावरचा माणूस तेच मुळ्याचे काप तव्यावर परतत होता. दर तीन महिन्यांनी सही केलेले अठ्ठेचाळीस कागद. प्रत्येकावर ‘मर्यादेच्या आत’. मी डोळे मिटले तेव्हा आठवण आली ती माणसांची नाही, माझ्या सहीची. शेवटचं वळण मी किती ऐटीत काढायचे.

नळ आला त्या वर्षीचा प्रसंग मला वाटेत आठवला, विसरायचा प्रयत्न करूनही. गल्लीच्या टोकाशी भूमिदेवाचं छोटंसं देऊळ आहे, त्याच्यासमोर दगडी टेबल, तिथे म्हातारी मंडळी दिवसभर चहा करत बसतात. आमची नळीएवढी बारीक विहीर तिथूनच दहा पावलांवर, हुंग आमाच्या कुंपणाला लागून. सगळी गल्ली तिला आमा म्हणते, म्हणजे आजी, म्हणून मीही म्हणते. कुंपणाच्या आत तिची स्वतःची खोदलेली विहीर. वर दोन विहिरी, खाली पाणी एकच. नळाचे पाइप टाकणारे आले तेव्हा आमा सगळ्यांसमोर मला म्हणाली होती, “तू सांग गं. तू दर तीन महिन्यांनी पाण्याची नाडी बघतेस. हे पाणी पिऊ की नको?” मी हातमोजे काढत म्हटलं होतं, “मर्यादेच्या आत आहे, आमा.” ती म्हणाली होती, “मर्यादा-बिर्यादा मला कळत नाही. पिऊ की नको?” आणि मी, सगळे बघतायत म्हणून, किंवा मला ती आवडायची म्हणून, किंवा त्या दिवशीही चारच्या आत निघायचं होतं म्हणून, हसून म्हटलं होतं, “बिनधास्त प्या.” हे कुठल्याही कागदावर नाही. या दोन शब्दांना सही लागली नव्हती. आमाने पाइपवाल्यांना हात हलवून परत पाठवलं होतं, आणि मला त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, मोठी झाल्यासारखं वाटलं होतं.

मी पोचले तेव्हा ती अंगणात बसून रताळ्याची पानं निवडत होती. ब्याऐंशी वर्षांची, पाठ वाकलेली, पण बोटं अजून चपळ.

“आज तुझा दिवस नाही,” ती म्हणाली. “आणि बाटल्या कुठायत?”

“नाही आणल्या.”

“मग जेवायला आलीस. चांगलं केलंस. बस.”

मी बसले. वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं गळून पडली. “आमा, विहिरीचं पाणी पिऊ नका. आजपासून.”

“का? मांजर पडलं?”

मी सांगितलं. सतरा आकडा सांगितला, पाच सांगितला, पंप सांगितला. मी सांगत होते तोवर तिची बोटं पानांवरून चालत होती. पंपाशी आल्यावर ती थांबली. “पंप चुकीचा कसा असेल? पाणी वर आलं की पंप बरोबर.”

“पाणी वर येत होतं, आमा. त्यातलं ते औषध येत नव्हतं. ते वाटेतच उडून जायचं.”

तिने हातातलं पान खाली ठेवलं. “म्हणजे तू मोजत होतीस ते पाणी वेगळं आणि मी पीत होते ते वेगळं.”

बारा वर्षांत मला कुणी माझं काम इतकं सरळ समजावून सांगितलं नव्हतं. “हो,” मी म्हटलं.

“पंप कुणी निवडला?”

“मी.”

“का?”

“मुलीची शाळा चारला सुटायची.”

ती रागावेल म्हणून मी वाट बघत राहिले. मला तिचा राग हवा होता. तिने एक पिवळं पान वेगळं काढलं. “केवढी आहे आता ती?”

“वीस. ताइनानला शिकते.”

“चांगलंय,” आमा म्हणाली, आणि मला रडू फुटलं. मी तोंड फिरवून रडत होते आणि ती मागून म्हणत होती, “अगं, मी ब्याऐंशीची आहे. मला काय धाड भरणार आता? दात तेवढे गेलेत, तेही गोड खाऊन.” तेव्हा मला एकदम सुचलं. बुडणाऱ्याला काहीतरी हाताला लागावं तसं सुचलं, आणि मी वळून तिचा हात धरला.

“आमा, तुम्ही विहिरीचं पाणी कच्चं पिता?”

“कच्चं कोण पितं? वेडी का तू? लहानपणी आईने बडवलं असतं.”

“म्हणजे उकळूनच?”

“उकळून, त्याचा चहा करून. देवळापाशी आमची किटली दिवसभर याच पाण्यावर बोंबलत असते. बघतेस ना तू.”

“मग ऐका. उकळलं की ते औषध बरंचसं निघून जातं. वाफेबरोबर. झाकण उघडं असलं की जातंच.” मी भराभर बोलायला लागले होते. छातीवरचा दगड खरंच सरकत होता, मला तो सरकताना कळत होता. “तुमच्या पोटात फार गेलं नसणार. देवळापाशी चहा पिणाऱ्या कुणाच्याच नाही. मी डॉक्टरांकडे घेऊन जाते तुम्हाला, सगळं तपासू, पण घाबरायचं नाही. काळजी फक्त जो गार पाणी पीत असेल त्याची. न उकळता, रोज. तसं तर इथे कुणीच पीत नाही.”

आमाने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. झटक्याने नाही, पातेलं खाली ठेवावं तसा हळूच काढून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा बदलला होता आणि मला कळेना, मी काय वाईट बोलले.

“ते यंत्रात नाणं टाकून पाणी भरतात ना, बाजाराजवळ,” ती म्हणाली, “ते उकळावं लागत नाही ना?”

“नाही. ते गाळलेलं असतं. लोक तसंच पितात.”

“ते तेच म्हणायचे.”

‘ते’ म्हणजे तिचा नवरा, हुंग आकुंग, गल्लीचे आजोबा. तीन वर्षांपूर्वी गेले, यकृताच्या दुखण्याने. मी भेटायला आले होते तेव्हा.

“त्यांना नळ हवा होता,” आमा म्हणाली. “मी म्हटलं, सु-चू म्हणते बिनधास्त प्या. ते म्हणायचे, ती पोर आकडा वाचते, पाणी वाचत नाही. भांडण झालं. मग त्यांनी तो निळा कॅन आणला आणि बाजारातून भरून आणायला लागले. माझ्या चहाला तोंड लावायचे नाहीत. पुढे गुडघे गेले त्यांचे. मग मला पाठवायला लागले, कॅन घेऊन.” ती बोलताना कुंपणाकडे बघत होती. “मी पुढच्या दाराने निघायची. गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने आत. आपल्या विहिरीवर कॅन भरायची. आणि धापा टाकत त्यांच्यासमोर आणून ठेवायची.”

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं.

“पेलाभर गारच प्यायचे आणि म्हणायचे, याला म्हणतात पाणी. मी न्हाणीत जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. पाच वर्षं चाललं ते. इस्पितळात होते तेव्हासुद्धा तिथलं पाणी त्यांना नको असायचं, माझं बाजारातलं आण म्हणायचे. तिथेही नेलं मी.”

अंगणात कोंबडी रताळ्याच्या देठांशी आली होती. तिला हाकलायला हवं होतं, कुणी हाकललं नाही. मला जे खरं माहीत होतं तेच मी बोलले, कारण दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं की यकृत पुष्कळ गोष्टींनी बिघडतं. ते तांदळाची दारू प्यायचे, वय होतं. एवढ्याशा औषधाने झालं की नाही, हे कुठलाही डॉक्टर, कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. “खरंच, आमा. कुणालाही सांगता येत नाही.”

“बारा वर्षं तर सांगत होतीस,” आमा म्हणाली.